पाठीवरचे पाचवे चाक

उन्हाळ्याच्या दिवसांत मनालीहून लेहकडे निघालेल्या मोटारी आपण पाहिल्या असतील, तर त्यांतील काहींच्या पाठीवर एक चाक बांधलेले आपल्या दृष्टीस पडले असेल. डोंगराळ व कच्च्या वाटांसाठी मुद्दाम घडविलेल्या गाड्यांची ही ओळखच होय. चार चाके जमिनीवर आणि पाचवे पाठीवर, अशा थाटात या गाड्या हिमालयाचे घाट चढत असतात. ते चाक कशाच्या आधारावर उभे आहे, हा विचार मात्र फारच थोड्यांच्या मनात येतो. टायर कोणता घ्यावा यावर घराघरांतून चर्चा होते. तो टायर वाहून नेणाऱ्या लोखंडी चौकटीची निवड मात्र बहुधा दुकानदाराच्या शब्दावर सोपविली जाते. लेहच्या मार्गावर या चौकटीची कसोटी टप्प्याटप्प्याने लागते. यास्तव, वाचकहो, आज आपण हा मार्ग त्या पाचव्या चाकाच्या सोबतीने पाहू या.

प्रथम त्याच्या नावाविषयी. जादा चाकास आपल्या देशात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ‘स्टेपनी’ असे म्हणतात. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषांत हा शब्द इतका रुळला आहे की तो परका आहे याची आठवणही कोणास होत नाही. वेल्स प्रांतातील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीबरोबर नेता येईल असे जादा चाक तयार केले व त्यास त्या रस्त्याचे नाव दिले. त्या काळी मोटारीस जादा चाक देण्याची पद्धतच नव्हती. टायर फुटला म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून ट्यूबला ठिगळ लावावे लागे. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे आरे नसलेली, टायर चढविलेली एक कडी होती. ती फुटलेल्या चाकाच्या कडेला अडकवून गाडी घरी आणता येत असे. पुढे मूळ वस्तू लोपली आणि नाव मात्र आपल्या रस्त्यांवर चिरंजीव झाले.

हे चाक ठेवावे कोठे, हा प्रश्न जीपइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्या लष्करी जीपच्या मागच्या पत्र्यावर स्टेपनी लावलेली असे. सैनिक बाजूने चढत व उतरत, त्यामुळे मागे दाराची गरज नव्हती. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, तीच गाडी शेतकऱ्यासाठी बाजारात आली. शेतकऱ्यास धान्याची पोती मागून चढवावयाची होती. मागे उघडणारी फळी आली आणि स्टेपनीला बाजूस सरकावे लागले. चाक हवे की दार, हा पेच तेव्हापासून चालत आला आहे. आज बाजारात मिळणारी प्रत्येक चौकट म्हणजे या एकाच पेचाचे वेगवेगळे उत्तर होय.

आपल्याकडे या जातीच्या गाड्यांशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. महिंद्र कंपनीने जीप जुळविण्यास आरंभ केला तो मुंबईत. २०२० मध्ये नव्या रूपात आलेली थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी आणि २०२३ मध्ये आलेली जिम्नी यांनीही आपली स्टेपनी मागच्या दारावरच वागविली. कारखान्यातून निघताना ही योजना पुरेशी असते, कारण दार, बिजागरी व चाक यांचे वजन एकमेकांस जुळवूनच ठरविलेले असते. अडचण निर्माण होते ती पुढे. हौसेने किंवा गरजेने मालक मोठे, जाड खाचांचे टायर बसवितो; साहजिकच स्टेपनीही तेवढीच मोठी व जड होते. मूळचे वीस-तीस किलोचे चाक चाळीस किलोंवर जाते, आणि पत्र्याच्या दारावर ते लोंबकळू लागले म्हणजे बिजागरी झिजते, दार खाली बसते, कुलूप जुळेनासे होते आणि अखेरीस बिजागरीजवळच्या पत्र्यास तडे जातात. निराळी चौकट घेण्याचा विचार येतो तो येथे.

उत्तर भारतातील पुष्कळ प्रवासी ही खरेदी दिल्लीस करतात. जुन्या शहराचा काश्मिरी दरवाजा हा काश्मीरकडे जाणाऱ्या वाटेवर उघडत असे, म्हणून त्याला ते नाव पडले. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी तो सुरुंगाने उडविला, त्याच्या खुणा भिंतींवर अद्याप आहेत. त्याच दरवाजाच्या परिसरात आज मोटारींच्या सुट्या भागांचा देशातील एक मोठा बाजार भरलेला असतो. अरुंद गल्ल्यांतून हातगाड्या, हमाल, ग्रीसचा वास आणि छतापर्यंत रचलेले बंपर यांच्यामधून वाट काढीत आपण गेलात, तर तीन प्रकारच्या चौकटी आपल्यासमोर ठेवल्या जातील.

पहिल्या प्रकारात स्टेपनी दारावरच राहते. मूळच्या बिजागरीच्या जागी अधिक जाड पोलादाची बिजागरी येते आणि तिच्यापासून निघालेली बळकट पट्टी चाकाचा भार थेट गाडीच्या खांबावर टाकते. दाराबरोबरच चाक उघडते, एकाच हाताने काम होते आणि वजनही फारसे वाढत नाही. दुसऱ्या प्रकारात मागचा बंपरच बदलला जातो. नव्या पोलादी बंपरच्या एका टोकास उभा खुंट असतो व त्यावर फिरणाऱ्या बाहूवर चाक बसते. हा भार दारावर न येता गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसिसवर जातो. अति जड चाकास हा उपाय योग्य खरा. परंतु दार उघडण्यापूर्वी आधी बाहू बाजूस करावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे स्टेपनी मागून काढून टपावर किंवा गाडीच्या पोटाखाली नेणे. टपावर गेल्याने गाडीचे वजन वर सरकते व वळणावर ती अधिक कलते. शिवाय चाळीस किलोंचे चाक टपावरून एकट्याने उतरविणे जिकिरीचे असते. पोटाखाली ठेवलेले चाक चिखल-दगडांचे मार खाते आणि गाडी चिखलात रुतली असता नेमके हाती लागत नाही.

आता आपण मार्गस्थ होऊ. मनालीच्या पुढे रोहतांगच्या पोटातून जाणारा अटल बोगदा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने मनाली व लेह यांमधील अंतर ४६ किलोमीटरने कमी केले आणि लाहौलच्या लोकांचा हिवाळ्यातील एकांतवास संपविला. या बोगद्यात शिरताच चौकटीची पहिली परीक्षा होते, ती दिव्यांची. मागून येणाऱ्या चालकास आपल्या गाडीचे थांबण्याचे दिवे, वळणाचे दिवे आणि नंबरपट्टी ही तिन्ही स्वच्छ दिसली पाहिजेत. मोठे चाक काचेसमोरचा तिसरा लाल दिवा झाकते, तर रुंद बाहू कधीकधी नंबरपट्टी झाकतो. मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा असल्यास त्याच्या डोळ्यासमोरही चाक येऊ नये. दुकानातच गाडीपासून दहा-बारा पावले मागे जाऊन, थोडे डावीकडून व थोडे उजवीकडून पाहिल्यास ही तपासणी पुरी होते.

येथेच कायद्याचाही विचार करावयास हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच लावला. त्यापूर्वी, २०१७ च्या डिसेंबरात, गाडीच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्यांविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते. यास्तव बंपर बदलणारी चौकट घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करून उत्तर लेखी घ्यावे. गाडीच्या निर्मात्याने स्वतःच मान्य केलेला भाग उपलब्ध असेल, तर त्याची निवड सर्वांत निर्धास्त होय.

बोगद्यातून बाहेर पडून पुढे गेले म्हणजे तांदी हे गाव येते. चंद्रा आणि भागा या दोन नद्या येथे मिळतात व चंद्रभागा होतात. हीच पुढे चिनाब. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणणाऱ्या मराठी मनाला ते नाव या बर्फाळ मुलुखात भेटले की क्षणभर नवल वाटते. तांदीच्या पेट्रोलपंपाची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांच्या छायाचित्रांत झळकत आली आहे. ही पाटी वाचली की कित्येकांना पेट्रोलचे डबे बरोबर घेण्याची बुद्धी होते, आणि ते टांगावयास सोयीची जागा म्हणून स्टेपनीच्या चौकटीकडेच लक्ष जाते. काही चौकटींना तर डबे अडकविण्याची सोय आधीच केलेली असते. या मोहापासून आपण दूर राहावे, हे बरे. मागून धक्का बसल्यास प्रथम चेपेल ती हीच जागा, आणि तेथे ज्वालाग्राही पदार्थ असणे म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्या मुलाबाळांच्या जिवाशी खेळ होय.

वजनाचाही एक सोपा हिशेब आहे. समजा, चौकट ४० किलोंची व चाक ३५ किलोंचे, एकूण ७५ किलो. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २४५ सेंटिमीटर, आणि हे वजन मागच्या आसाच्या ९८ सेंटिमीटर मागे टांगलेले आहे. ९८ हे २४५ च्या चार दशांश होतात. तेव्हा तराजूच्या न्यायाने पुढच्या आसावरील भार ७५ च्या चार दशांशाने, म्हणजे ३० किलोंनी हलका होतो. आणि मागच्या आसावर ७५ नव्हे, तर १०५ किलो येतात. पुढची चाके हलकी झाली म्हणजे चढावर सुकाणू सैल वाटू लागते आणि मागच्या स्प्रिंगा बसतात. सर्वांत भारदस्त दिसणारी चौकट तीच सर्वांत उत्तम, ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. चाकास पुरेल इतकीच बळकट आणि शक्य तितकी हलकी, असा तिचा निकष असावा.

केलाँग व दारचा मागे टाकून आपण बारालाचा खिंडीकडे चढू लागतो. वाटेत सूरजताल हे निळेशार सरोवर लागते. भागा नदीचा उगम तेथेच आहे. सुमारे ४,८९० मीटर उंचीची ही खिंड ओलांडताना दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढते आणि ते रस्त्यावरून वाहते. नाल्यातून वर निघताना गाडीचे पुढचे तोंड वर उचलले जाते व मागची बाजू दगडांच्या जवळ येते. गाडीचा मागील भाग जितका आखूड व उंच, तितकी ती सहज निसटते. पोलादी बंपर खाली लोंबत असेल तर तोच दगडावर प्रथम आदळतो. तेव्हा नव्या बंपरची खालची कड मूळच्या कडेपेक्षा खाली येत नाही ना, हे दुकानातच पट्टीने मोजून घ्यावे.

पुढे हिमाचल व लडाख यांच्या सीमेवरचे सरचू येते. येथील उंची सुमारे ४,३०० मीटर. तंबूंमध्ये मुक्कामाची सोय असली, तरी सखल प्रदेशातून थेट आलेल्या पुष्कळांना येथे रात्रभर डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांचा त्रास होतो. आपल्या सर्व विवेचनाचे मर्म, वाचकहो, या रात्रीत आहे. मैदानी प्रदेशात चाक निकामी झाले तर फार तर दोन घटका खोळंबा होतो. येथे मात्र स्टेपनी वेळेवर निघाली नाही, तर जेथे थांबावयाचे नव्हते अशा उंचीवर कुटुंबासह रात्र काढण्याची पाळी येते, आणि विरळ हवेत आजारी पडलेल्या माणसावर खाली उतरविण्याहून मोठा उपाय नाही. निकामी चाकाची गाडी त्याला खाली उतरवू शकत नाही. दारावरचे एक चाक व दोन-चार बोल्ट यांवर अशा वेळी एवढे मोठे काही अवलंबून असते.

सरचूच्या पुढे गाटा येथे एकवीस वळणांचा घाट आहे. येथील उतरणीवर गाडी थांबवून मागचे दार उघडले म्हणजे चौकटीच्या कडीची परीक्षा होते. फिरणारा बाहू उघडल्यावर त्याच जागी अडकून राहील अशी खिटी किंवा टेकू त्यास असलाच पाहिजे. नसल्यास चाळीस किलोंचे चाक उतारामुळे वा वाऱ्यामुळे झपाट्याने परत येते आणि सामान काढणाऱ्याच्या हातावर किंवा मुलाच्या डोक्यावर आदळते. बंद करणारी कडी एकेरी न घेता दुहेरी घ्यावी. पहिली निसटली तरी दुसरी धरून ठेवील. बाहू कोणत्या बाजूस उघडतो, हेही पाहावे. आपल्या देशात वाहने डावीकडून चालतात. म्हणून बाहूचा खुंट उजव्या बाजूस असला, तर सामान काढणारा मनुष्य रस्त्याच्या कडेस, सुरक्षित बाजूला उभा राहतो. परदेशी आराखड्यावरून बनविलेल्या काही चौकटींत हे उलटे असते. तसेच बाहू व दार एकाच दिशेने उघडणारे असावेत. अन्यथा दोहोंच्या मध्ये उभे राहून सामान काढावे लागते.

लाचुलुंग खिंड उतरून पांगला आले की पुढे मोरे मैदान पसरलेले दिसते. सुमारे चाळीस किलोमीटर लांबीचे हे पठार साडेचार हजार मीटरांहून उंच आहे. चांगपा मेंढपाळ आपले कळप घेऊन येथे येतात. क्षितिजापर्यंत झाड म्हणून दिसत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेच्या जवानांनी व कामगारांनी या मार्गाचा बराच भाग आता डांबरी केला आहे. तथापि मुख्य मार्ग सोडून बाजूच्या कच्च्या वाटेने गेले, की जमीन पन्हाळी पत्र्याप्रमाणे बारीक लाटांची लागते. मोठा खड्डा एकदाच धक्का देतो. या लाटा मिनिटाला शेकडो धक्के देतात. अशा धक्क्यांत तीस किलोंचे चाक क्षणोक्षणी आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भाराने चौकटीस ओढीत असते. सैल नट येथेच गळतात व कच्चे वेल्डिंग येथेच उकलते.

म्हणून खरेदीच्या वेळी चौकट हाताने हलवून पाहावी. चाक बसविल्यावर त्याची वरची कड दोन्ही हातांनी धरून जोराने ओढावी. चाकाबरोबर सारी गाडी हलली तर ठीक, चाकच ‘खडखड’ करीत हलले तर ती चौकट नाकारावी. चाकाच्या पाठीस रबरी गुटके टेकलेले असावेत. खुंटात नुसती नळी न घालता बेअरिंग किंवा बदलता येणारा बुश असावा, आणि ग्रीस भरण्यासाठी निप्पल असावे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला असावा. तो पोलादाच्या बळकटीचा दर्जा दाखवितो. नट आपोआप न सुटणारे घ्यावेत, आणि एक नट किल्लीने उघडणारा ठेवावा, म्हणजे चोरीचे भय राहत नाही. आपल्या चाकाच्या बोल्टची छिद्रे किती व त्यांचे वर्तुळ केवढे, हे आधीच लिहून नेल्यास दुकानातील गोंधळ टळतो. पहिल्या दिवसाच्या प्रवासानंतर सर्व नट पुन्हा आवळून घ्यावेत.

शेवटची मोठी चढण तांगलांग खिंडीची. ५,३०० मीटरांहून उंच असलेल्या या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो. बाहेरचा दाब कमी झाल्याने, तापमान तेच राहिल्यास, टायरमधील हवा मापकावर सहा-सात पौंडांनी अधिक दिसते. थंडीमुळे त्यातील काही वाढ कमीही होते. मुद्दा इतकाच की स्टेपनीतील हवाही वेळोवेळी मोजली पाहिजे, आणि त्यासाठी तिचा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूस, हात पोहोचेल असा राहिला पाहिजे. काही चौकटींत चाक उलटे बसते व व्हॉल्व्ह आत दडतो. अशा स्टेपनीतील हवा महिनोन्महिने कोणी पाहत नाही आणि गरजेच्या वेळी ती बसलेली निघते.

खिंड उतरून रुमत्से व उपशी गाठले की सिंधू नदी भेटते आणि तिच्या काठाकाठाने आपण लेहला पोहोचतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर लडाख हा केंद्रशासित प्रदेश झाला. लेहच्या बाजारात जर्दाळू विकणाऱ्या स्त्रियांइतकेच टायर दुरुस्त करणारे कारागीरही आपल्याला भेटतील, आणि त्यांचा हात क्वचितच रिकामा असतो.

मग कोणत्या कुटुंबाने काय घ्यावे? मूळच्याच मापाचे टायर ठेवून वर्षातून एकदा डोंगरात जाणाऱ्यांना निर्मात्याने दिलेली चौकट पुरेशी आहे. तिची बिजागरी व नट तपासून घेतले म्हणजे झाले. थोडे मोठे टायर घेणाऱ्यांनी बळकट बिजागरीचा पहिला प्रकार पाहावा. फार जड चाके बसवून वारंवार कच्च्या वाटांनी जाणाऱ्यांनीच बंपरवरील बाहूचा विचार करावा, तोही परवानगीची खात्री करून. कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी चौकटीचा रंग किती चकाकतो हे न पाहता तिच्यावर जस्ताचा लेप आहे की नाही व नळ्यांतून पाणी निघून जाण्यास छिद्रे आहेत की नाहीत, हे पाहावे. काही वाहनांत, ट्यूबरहित टायर, दुरुस्तीचा संच व हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा असल्यास, २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार स्टेपनी नसली तरी चालते. परंतु दुरुस्तीचा संच बारीक छिद्र बुजवितो. धारदार दगडाने फाटलेली टायरची बाजू तो सांधू शकत नाही. लेहच्या वाटेवर पाचव्या चाकास पर्याय नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरातील मोठ्या मुलामुलींना घेऊन अंगणात एकदा स्टेपनी काढून पुन्हा बसवून पाहा. पाना नटास बसतो का, जॅक पुरेसा उंच जातो का, चाक खाली घेताना कोणी कोठे उभे राहावयाचे, हे सर्व त्या अर्ध्या तासात कळते. त्यानंतर नट पुन्हा आवळा, हवा मोजा, आणि सुखाने मार्गस्थ व्हा.